काळी कड

मी सुतार आहे. एकोणचाळीस वर्षं दारं, खिडक्या, कपाटं आणि जिने केले. आता गुडघ्यांनी जिने सोडायला लावले, पण घराच्या मागच्या खोलीत माझं बाक अजून मांडलेलं आहे आणि पटाश्यांना दर आठवड्याला धार लागते. तेव्हा खोक्यातून तयार कापलेलं लाकूड काढायचं, ते खटाखट एकमेकांत बसवायचं आणि ‘मी घड्याळ केलं’ म्हणून गावभर मिरवायचं, या प्रकाराबद्दल माझं मत काय असेल ते वेगळं सांगायला नको. जावयाला ते मी तोंडावर सांगितलं होतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि आणखी अर्धा कप चहा मागितला.

हा जावई एका ऑफिसात यंत्रांच्या भागांची रेखाचित्रं काढायचा. चांगली नोकरी होती. वर्षापूर्वी ती सोडली, टायरच्या दुकानामागे एक खोली घेतली आणि तिथे लेसरचं मशीन बसवलं. ते मशीन लाकूड कापत नाही, जाळत जातं. त्यातून तो प्राणी, पूल, गाड्या असं काय काय करतो. सुटे भाग, सोबत पुस्तिका, घेणाऱ्यानं घरी जुळवायचं. मी त्याला अहो-जाहो करतो. लग्नाच्या दिवशी मान म्हणून सुरू केलं ते आठ वर्षांत खाली उतरलंच नाही. आमचं बोलणं म्हणजे हवा, रस्त्याचं खोदकाम आणि ‘बरं, निघू का मग?’

तो सोमवारी संध्याकाळी आला, सोबत लेक, आणि काखेत एक चपटं खोकं.

“बाबा, एक काम होतं तुमच्याकडे.”

“बोला.”

मोठ्या रस्त्यावरच्या खेळण्यांच्या दुकानदारानं त्याच्या लाकडी घड्याळाची दीडशे खोकी घ्यायची तयारी दाखवली होती. शनिवारी माल पोचवायचा. पण दुकानदाराची अट होती. ज्यानं हे घड्याळ कधी पाहिलं नाही अशा माणसानं नुसती पुस्तिका बघून ते जुळवायचं आणि ते चाललं पाहिजे. कारागिरानं स्वतः जुळवलेलं दाखवायला आणू नका, तुमच्या हातात काहीही चालेल, असं तो म्हणाला होता.

“मग मी कशाला? मी तर घरचा.”

“त्यांनीच तुमचं नाव घेतलं,” जावई म्हणाला. “म्हणाले, मिस्त्रींना द्या. ते भिडेखातर बरं म्हणणारे नाहीत.”

हे ऐकून मी जरा ताठ बसलो, नाही म्हणत नाही. त्या दुकानातली सगळी फळ्यांची मांडणी माझ्या हातची. बावीस वर्षांत एक फळी वाकलेली नाही, आणि दुकानदार हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

“आणि नाही चाललं तर?” मी विचारलं.

“तर जुन्या ऑफिसात परत जाईन. साहेबांनी एक तारखेपर्यंत जागा ठेवलीय.” त्यानं हे सरळ सांगितलं. लेक मात्र खाली बघून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

मंगळवारी सकाळी मी खोकं उघडलं. प्लायच्या सात शीट, त्यांत एकशे बत्तीस तुकडे, प्रत्येकावर आकडा. अंगठ्यानं दाबलं की तुकडा टक्‌कन सुटतो आणि मागे जाळीसारखी चौकट उरते. शिवाय बारीक दांड्या, दांड्यांना चोळायला मेणाचा तुकडा, दोरा, आणि वजनासाठी एक रिकामी बाटली, तिच्यात वाळू आपली आपण भरायची. पुस्तिकेत सगळी चित्रं. मला चित्रं कळतात. पहिला तुकडा हातात घेतला आणि मात्र माझं डोकं फिरलं, कारण त्याची कड काळी होती.

सगळ्याच तुकड्यांच्या कडा काळ्या होत्या. जळकट, कोळशासारख्या, बोटाला लागणाऱ्या. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते काम संपल्यावर डोळे मिटून कडेवरून नख फिरवायचे. नख अडलं की काम परत. कच्ची कड गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की मी जेवायच्या टेबलाच्या कडासुद्धा चाचपत बसतो. पुस्तिकेत कडांबद्दल एक शब्द नव्हता. मी म्हटलं, पोरगा ऑफिसातला, त्याला काय कळणार. पॉलिश पेपर काढला, बारीकातला बारीक, आणि घासायला बसलो.

आधी चौकटीचे भाग घासले, मग काटे, मग चाकं. चाकं बारा. प्रत्येकाला दाते, काहींना साठ-साठ. पेपरची घडी करून दोन दात्यांच्या मधे घालायची, चार हात इकडे, चार हात तिकडे, फुंकर, पुढचा दाता. काळं जाऊन आतलं पिवळं लाकूड दिसायला लागलं की बरं वाटायचं. मंगळवार त्यात गेला, बुधवारही गेला.

“अहो, दोन दिवस नुसते दात घासताय,” आमची ही दारातून म्हणाली. “जेवायला या आता, पान वाढून तास झाला.”

“दात नाही, दाते.”

“तेच ते. चूळ भरा आणि या.”

खोटं कशाला बोलू, मला त्या कामात मजा यायला लागली होती. जुळवायला घेतलं तेव्हा तर जास्तच. खाच आणि खुंटी अशा नेमक्या की गोंदाचं कामच नाही. एक चाक दुसऱ्याला ढकलतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी आकडीसारखा वाकडा एक तुकडा लंबकाबरोबर झुलत एकेक दाता सोडतो आणि धरतो. हे सगळं त्या मुलानं कागदावर आधी पाहिलेलं होतं. मी एकटाच बाकावर बसून दोनदा ‘वा’ म्हणालो. ते कुणाच्या कानावर गेलं नाही याची मात्र खात्री करून घेतली.

गुरुवारी दुपारी घड्याळ भिंतीवर चढलं. बाटलीत वाळू भरली, दोरा गुंडाळला, लंबकाला बोट लावलं. टिक, टिक. ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली. अकरा मिनिटं चाललं आणि थांबलं. पुन्हा ढकललं. या खेपेला सहा मिनिटं. वाळू वाढवली तर वजन सरसर खाली आलं, एक चाक दुसऱ्यावरून घसरलं आणि काटे गरगर फिरले. मी सगळं उतरवून पुस्तिकेशी ताडून पाहिलं. एकही तुकडा चुकीच्या जागी नव्हता. मग हिनंच जावयाला फोन लावला.

तो तासाभरात आला, लेकही आली. त्यानं घड्याळ उतरवलं, मधलं मोठं चाक काढलं आणि खिडकीशी नेलं. उजेडात धरून फिरवलं, दात्यांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ तो तसाच पाठमोरा उभा होता.

“मशीनची चूक आहे, बाबा,” तो वळून म्हणाला. “किरण जाड लागला. लाकूड जास्त खाल्लं गेलं, दाते बारीक पडलेत. एकमेकांना धरत नाहीत.”

“म्हणजे सगळ्या खोक्यांत असंच?” लेकीनं विचारलं.

“सगळी एकाच वेळी कापलीत.”

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला बरं वाटलं. वर्षभर मी जे म्हणत होतो ते त्या मशीननं स्वतः कबूल केलं, असं वाटलं. आणि एवढ्यावर गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, “शेवटी हाताच्या कामाला पर्याय नाही.”

“हो,” जावई म्हणाला.

त्यानं चाक टेबलावर ठेवलं, पाणी मागून घेतलं, प्यायला आणि दोघं निघाली. लेक माझ्याशी न बोलता गेली. ही रात्रभर भांड्यांशी बोलावं तशी भांडी आपटत होती.

शुक्रवारी सकाळी ही मागची खोली झाडायला आली. बाकाखाली शीटच्या उरलेल्या चौकटी पडल्या होत्या, त्या तिनं गोळा केल्या.

“ही जाळी टाकून देऊ ना?”

“दे बघू,” मी म्हणालो. कशाला म्हणालो ते माहीत नाही, लाकडाचा तुकडा टाकायचा म्हटलं की माझा हात आपोआप पुढे होतो. मोठ्या चाकाची रिकामी जागा त्यात होती, दात्या-दात्यांची. मी टेबलावरचं चाक घेतलं आणि त्याच्या जागेत परत बसवलं. ते बसलं नाही. ते सरळ आरपार खाली, माझ्या मांडीवर पडलं.

मी पुन्हा बसवलं, पुन्हा पडलं. धरून ठेवलं तर चहूबाजूंनी फट दिसत होती, कागद सहज जाईल एवढी. त्याच चौकटीच्या कोपऱ्यात एक लहान चाक जास्तीचं दिलेलं होतं, मोडलं तर असावं म्हणून. ते मी सोडवलंही नव्हतं. आता दाबून काढलं आणि परत बसवलं. घट्ट बसलं. चौकट उलटी करून झटकली तरी पडेना. कड काळी कुळकुळीत.

किरण जाडबिड काही लागला नव्हता. लाकूड मी खाल्लं होतं. दोन दिवस बसून, फुंकर मारमारून.

“काय झालं?” हिनं विचारलं. माझं तोंड बघून तिनं केरसुणी खाली ठेवली होती.

मी सांगितलं. तिनं चाक हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

“मग आता?”

“आता काय. शर्ट दे.”

आधी दुकानात गेलो, कारण जावयासमोर जायची हिंमत नव्हती. दुकान नुकतंच उघडलं होतं. एक बाई मुलीसाठी कंपासपेटी बघत होत्या, आणखी दोघं-तिघं होते. दुकानदार मला बघून उठला.

“या मिस्त्री. काल जावयाचा फोन आला होता. वाईट वाटलं. म्हणाला, मशीन चुकलं माझं. दोनदा सांगितलं त्यानं, सासऱ्यांचं काम चोख होतं, त्यांच्या हातात दोष नाही. मी म्हटलं, मग राहू द्या. दीडशे घरांतून तक्रारी कोण ऐकणार?”

“चूक मशीनची नाही,” मी म्हणालो. आवाज अंमळ मोठाच निघाला. “माझी आहे. मी दाते घासले.”

“घासले? कशाला?”

“काळे होते म्हणून.”

कंपासपेटीवाल्या बाई हसल्या. त्यांची काही चूक नाही, मीही हसलो असतो. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या आणि समोर माझ्याच हातच्या फळ्या सरळ रेषेत उभ्या होत्या. दुकानदारानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“जावयाची चूक पदरात घेताय ना, मिस्त्री? भिडेखातर?”

“भिडेखातर बोलायचं असतं तर घरी गप्प बसलो नसतो? मला आजचा दिवस द्या. नवं खोकं आणतो, इथे तुमच्या डोळ्यांसमोर बसून जुळवतो. नाही चाललं तर मी आणि तो, दोघंही तुम्हाला तोंड दाखवणार नाही.”

त्यानं खिडकीजवळचं टेबल रिकामं करायला सांगितलं. एवढ्यावरून मी समजलो आणि निघालो.

टायरच्या दुकानामागच्या त्या खोलीत मी वर्षभरात पाऊल ठेवलं नव्हतं. दार उघडंच होतं. भिंतीला लावून दीडशे खोकी, प्रत्येकाला नीट दोरी. जावई इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून मशीनवर कापड टाकत होता. साहेबांकडे निघाला होता. मला बघून कापडाचं टोक त्याच्या हातातच राहिलं.

मी वाटेत बरंच काही जुळवलं होतं, ते सगळं विसरलो. खिशातून मोठं चाक काढून त्याच्यापुढे धरलं. “हे मी घासलंय. बाराच्या बारा. तुमच्या मशीनचा काही दोष नाही.”

तो चाकाकडे बघेना, माझ्याकडे बघेना.

“माहीत आहे, बाबा,” तो म्हणाला. “काळी कड कुठेच नव्हती.”

“कालच कळलं तुम्हाला?”

“हातात घेतल्याबरोबर.”

“अरे, मग बोलला का नाहीस? मूग गिळून बसलास? नोकरीवर निघालास तू!”

‘अरे’ म्हणालो हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्यानं वरच्या रांगेतलं एक खोकं काढलं, बोटानं त्यावरची धूळ पुसली आणि माझ्या हातात दिलं.

“चल,” मी म्हणालो. “आणि त्या पुस्तिकेत एक ओळ घाल. दाते घासू नयेत. सुतारांनी तर मुळीच नाही.”

तो हसला नाही, पण बूट काढून चपला घातल्या.

दुकानात मी अकराला बसलो. जावयाला दुकानदारानं दूर, वह्यांच्या बाजूला बसवलं, मधे बोलायचं नाही अशी तंबी देऊन. पॉलिश पेपर मी मुद्दाम घरी ठेवला होता. हात नुसते शिवशिवत होते. प्रत्येक चाक उचललं की बोट आपसूक काळ्या कडेवर जायचं आणि मी ते तिथून काढायचो. घासायचं नसलं की ते सहा तासांचंच काम निघालं. येणारी-जाणारी माणसं काचेतून बघत होती. एका आजोबांनी आत येऊन विचारलं, जमतंय का? मी म्हटलं, तुम्ही गेलात की जमेल.

पाच वाजता घड्याळ खिळ्यावर टांगलं. लंबकाला बोट लावताना मी दोनदा हात मागे घेतला. दार बसवताना, जिना उभा करताना मला असं कधी झालं नव्हतं, कारण तिथे चुकलं तर माझं चुकणार होतं. अकरा मिनिटं झाली. वीस झाली. वह्यांच्या बाजूला जावई उभा राहिला होता. तासानंतर दुकानदार म्हणाला, “उद्या सकाळी चालू दिसलं तर खोकी आणा.”

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा त्यानं नेहमीपेक्षा आधीच दुकान उघडलं होतं आणि तो घड्याळाखाली उभा राहून स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाशी ते ताडून बघत होता. चार मिनिटं मागे होतं. जावई म्हणाला, लंबक थोडा वर सरकवला की जुळेल. दुकानदारानं स्वतःच सरकवला, दोनदा, लहान मुलासारखा.

टायरवाल्याची गाडी मागून घेऊन आम्ही तीन खेपांत खोकी पोचवली. शेवटच्या खेपेनंतर गाडी रिकामी होती, तो चालवत होता, मी शेजारी. सिग्नलला थांबलो तेव्हा मी पुन्हा विचारलं. या वेळी ओरडून नाही.

“का नाही बोललास?”

त्यानं समोरच बघत सांगितलं. “वर्षभरात तुम्ही मी केलेल्या कशालाही हात लावला नव्हता, बाबा. आई मंगळवारी फोनवर म्हणाल्या, हे त्यावरून उठतच नाहीत, जेवायलाही हाक मारावी लागते. मला इतकं बरं वाटलं होतं. मग ते चाक हातात घेतलं तर एकेक दाता गुळगुळीत. एवढं जीव लावून केलेलं, आणि त्याला चुकलं म्हणायचं? हिच्यासमोर, आईंसमोर? नोकरी काय, ती परत मिळत होती.”

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न दिला. मला रडू आलं आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडलो नाही. याच माणसाला मी गुरुवारी, त्यानं ते चाक हातात धरलेलं असताना, हाताच्या कामाबद्दल ऐकवलं होतं, आणि तो ‘हो’ म्हणाला होता.

त्यानं मला दारात सोडलं आणि गाडी परत द्यायला गेला. मी आत जाऊन हिला म्हटलं, “उद्या दोघांना जेवायला बोलाव.”

“तुम्ही बोलवा.”

“लेकीला करतो मग फोन.”

“लेकीला नाही,” ही म्हणाली. “त्याला करा.”

मी फोन हातात घेतला. त्यात प्लायवाल्याचा नंबर होता, बिजागरीवाल्याचा होता, आता हयात नसलेल्या दोन रंगाऱ्यांचे होते. त्याचा नव्हता. आठ वर्षांत मला तो कधी लागलाच नव्हता.

“सांग,” मी म्हणालो. हिला तो तोंडपाठ होता. ती एकेक आकडा सांगत गेली आणि मी दाबत गेलो.